आजोबा कोणत्या साली वारले?

जमिनीचा वाद घेऊन माणूस वकिलाकडे जातो तेव्हा त्याच्या पिशवीत सातबारा असतो, दोन-चार फेरफार असतात, एखादं पिवळं पडलेलं वाटणीपत्र असतं आणि तोंडी एक वाक्य पाठ असतं: "वडिलोपार्जित आहे साहेब, माझा जन्मतः हक्क आहे." मुरलेला वकील पिशवी उघडायच्या आधीच विचारतो, "आजोबा कोणत्या साली वारले?"

उत्तर १९५२ असेल तर या माणसाची बाजू बळकट आहे. उत्तर १९७१ असेल आणि जमीन आजोबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली असेल, तर वडील हयात असेपर्यंत याचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. वडील ती विकू शकतात, बक्षीस देऊ शकतात, मृत्युपत्राने शेजाऱ्याच्या नावे करू शकतात. शेत तेच, बांध तोच, आजोबाही तेच. मृत्यूचं साल तेवढं वेगळं.

हा फरक १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने केला. पण त्या कायद्याच्या नेमक्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला तो भावाभावांच्या दाव्यात नव्हे, एका कराच्या भांडणात. तो कर म्हणजे संपत्ती कर. (घरपट्टीलाही सरकारी कागदांवर 'मालमत्ता कर' म्हणतात. ती महापालिका किंवा ग्रामपंचायत घेते, ती आजही आहे आणि तिचा इथे काही संबंध नाही.) संपत्ती कर केंद्र सरकार माणसाच्या निव्वळ संपत्तीवर दरवर्षी घ्यायचं. २०१५ साली तो रद्द झाला, पण त्याच्या खटल्यांत ठरलेले नियम आजही वाटणीच्या दाव्यांत वापरले जातात. म्हणून एकत्र कुटुंबाची मालमत्ता समजून घ्यायची तर वारसा आणि कर हे दोन्ही धागे सोबतच धरावे लागतात.

जन्माने मिळणारं आणि मरणाने मिळणारं

याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, लिहिली गेली. आपल्याकडची एकत्र कुटुंबाची कल्पना तिथून येते. तिचं सार असं, की वाडवडिलांच्या मालमत्तेत मुलाला हक्क मिळतो तो बाप मेल्यावर नाही, तर तो स्वतः जन्मला त्या क्षणी. मूळ पुरुष आणि त्याच्याखाली मुलगा, नातू, पणतू अशा चार पिढ्या या हक्काच्या वर्तुळात येतात. त्यांना सहदायाद म्हणायचं. कोर्टाच्या आवारात 'कोपार्सनर' हाच शब्द ऐकू येतो. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या 'दायभागा'ने बरोबर उलट सांगितलं: बाप जिवंत आहे तोवर मुलाला काही नाही.

मिताक्षरेतल्या सहदायादाचा हिस्सा किती, हे वाटणी होईपर्यंत आकड्यात सांगता येत नाही. घरात पाळणा हलला की तो कमी होतो, कुणी गेलं की वाढतो. कारण सहदायाद वारला की त्याचा हिस्सा त्याच्या बायकोकडे किंवा मुलीकडे जात नसे. मागे उरलेल्या पुरुषांच्या हिश्श्यांत तो विरघळून जाई. विधवेच्या वाट्याला पोटगी. १९३७ च्या कायद्याने तिला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण तिच्या हयातीपुरताच. ती मर्यादा १९५६ मध्ये गेली आणि ती पूर्ण मालक झाली.

१७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. (जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही तो लागू आहे.) पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची स्वतःची मालमत्ता कुणाला जाईल, याची यादी या कायद्याने दिली. पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई, सगळे सारख्या हक्काने. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही त्यात आहेत. वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. आणि जिवंत मुलाचा मुलगा, म्हणजे नातू, त्यातही नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा खेळ त्यावरच आहे.

तर मालमत्ता हातात येण्याच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या. एक जन्माची, एक मरणाची. आपण बोलताना दोन्हीकडून आलेल्या मालमत्तेला 'वडिलोपार्जित' म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो.

चोवीस एकरांचं गणित

१९५६ च्या कायद्याने जन्मसिद्ध हक्काची जुनी पद्धत मोडली नाही, तिला एक ठिगळ लावलं. सहदायाद वारला आणि त्याच्यामागे बायको, मुलगी, आई अशी कुणी पहिल्या वर्गातली स्त्री वारस असेल, तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत विरघळू द्यायचा नाही. त्याऐवजी समजायचं, की मरणाच्या क्षणाआधी घरात वाटणी झाली होती. त्या मनातल्या वाटणीत मृताला जो वाटा आला असता, तेवढाच वारसांत वाटायचा. याला काल्पनिक वाटणी म्हणतात.

ऐकायला किचकट आहे, पण आकडे मांडले की उलगडतं. सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ साली महाराष्ट्रातलाच मगदूम खटला आला. बाप १९६० मध्ये वारलेला, मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. सोयीसाठी धरू, की त्यांची एकत्र जमीन २४ एकर होती. आपल्याकडच्या परंपरेत बाप आणि मुलगे वाटणी करतात तेव्हा आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणून काल्पनिक वाटणीत चार वाटे पडले: बाप, आई, दोन मुलगे, प्रत्येकी ६ एकर. मुलींना या पायरीवर काही नाही, कारण त्या तेव्हा सहदायाद नव्हत्या. आता बापाचे ६ एकर सहा वारसांत, म्हणजे प्रत्येकी १ एकर. एकूण काय झालं? आई ७, दोन्ही मुलगे ७-७, तिन्ही मुली १-१. न्यायालयाने आईला नेमका हाच वाटा दिला, २४ पैकी ७. काल्पनिक वाटणी एकदा मानली की तिचे परिणाम शेवटपर्यंत मानायचे, अर्धवट सोडायचं नाही, असं न्यायालय म्हणालं. भावांना आईला फक्त बापाच्या वाट्यातला तुकडा द्यायचा होता.

मुलींचा तो १ एकर मात्र सलतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केलं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे थोरली बहीण बाहेर आणि धाकटी आत, फक्त लग्नाच्या तारखेमुळे. कायद्याने बहिणी-बहिणींत लावून दिलेली ही भांडणं मला त्या दुरुस्तीतली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी ही मुलासारखीच जन्माने सहदायाद झाली, लग्न झालेलं असो वा नसो. त्यावरही पंधरा वर्षं वाद चालला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय 'हवेत' म्हणालं, २०१८ मध्ये वेगळा सूर लागला आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने प्रश्न मिटवला: हक्क जन्माचा आहे, वडील २००५ ला जिवंत होते की नव्हते याने फरक पडत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री उकरून काढता येत नाहीत. "आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती" हे भावांचं आवडतं उत्तरही न्यायालय सहज स्वीकारत नाही; त्याला सरकारी कागदांचा ठोस आधार लागतो.

तेच २४ एकर आजच्या नियमाने मांडा. काल्पनिक वाटणीत बाप, आई, दोन मुलगे आणि तीन मुली असे सात वाटे. बापाचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत. बेरीज केली की प्रत्येकाला बरोबर ४ एकर. आई-मुलग्यांचं सात आणि मुलींचं एक गेलं, सगळ्यांना चार-चार आलं.

आता कुणी म्हणेल, जमीन बापाची स्वतःची असती आणि तो मृत्युपत्र न करता वारला असता, तरी सहा वारसांना चार-चार एकरच आले असते. मग फरक काय राहिला? फरक बाप जिवंत असताना दिसतो. एकत्र मालमत्तेत मुलगा किंवा मुलगी बापाच्या डोळ्यांदेखत वाटणी मागू शकते. बापाला मृत्युपत्र करता येतं ते फक्त त्याच्या स्वतःच्या सातव्या हिश्श्याचं. कर्ता म्हणून त्याने जमीन विकली तर ती कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी किंवा मालमत्तेच्या भल्यासाठी विकली, हे दाखवावं लागतं आणि तसं नसेल तर मुलं ती विक्री कोर्टात आव्हान देऊ शकतात. खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून १२ वर्षांच्या आत. बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत यातलं काहीच नाही. तिथे तो राजा.

सरकारला प्रश्न पडला, हे कुणाचं?

१९५६ साली केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डोर यांनी भारत सरकारला कररचनेवर अहवाल दिला. नुसत्या उत्पन्नावर कर लावून श्रीमंताची खरी ऐपत कळत नाही, त्याच्याकडे साठलेल्या संपत्तीवर, त्याच्या खर्चावर, त्याने दिलेल्या बक्षिसांवरही कर हवा, असं त्यांचं म्हणणं. टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना १९५७ मध्ये संपत्ती कर आला, पुढच्या वर्षी बक्षीस कर. मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या संपत्तीवरचा कर, इस्टेट ड्यूटी, १९५३ पासून होताच.

संपत्ती कर भरायचा कुणी? व्यक्तीने, कंपनीने आणि हिंदू अविभक्त कुटुंबाने. इथे ब्रिटिश काळापासूनची एक चाल पुढे चालू राहिली. प्राप्तिकर कायदा अविभक्त कुटुंबाला एक स्वतंत्र करदाता मानतो, जणू ते घरातलं आणखी एक माणूस आहे. त्याचं वेगळं पॅन कार्ड, वेगळं विवरणपत्र, वेगळी करमुक्त मर्यादा. संपत्ती करानेही तेच केलं, आणि सुरुवातीला तर कुटुंबासाठीची सूट व्यक्तीपेक्षा जास्त ठेवली. कुटुंबाने भरल्यावर त्याच मालमत्तेतला आपला हिस्सा सदस्याला स्वतःच्या संपत्तीत पुन्हा दाखवावा लागत नसे.

मग प्रत्येक श्रीमंत घरात हिशेब सुरू झाला: ही हवेली कुणाची दाखवायची, माझी की कुटुंबाची? कर चढत्या टप्प्यांनी लागायचा, म्हणून संपत्ती जितक्या करदात्यांत विभागली जाईल तितका बोजा हलका. माणूस एकच, पण तो स्वतः एक करदाता, त्याच्या वडिलांचं कुटुंब दुसरा, बायको-मुलांसह त्याचं स्वतःचं कुटुंब तिसरा.

दोन खटले शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पहिला आंध्र प्रदेशातला, १९६९ चा नरेंद्रनाथ खटला. वडील आणि भावांबरोबरच्या वाटणीत एकाला मालमत्ता मिळाली. त्याला मुलगा नव्हता. बायको आणि दोन लहान मुली. तो म्हणाला, ही संपत्ती माझ्या अविभक्त कुटुंबाची. अधिकारी म्हणाला, घरात दुसरा पुरुष सहदायाद नाही, तेव्हा ही तुझी एकट्याची. सर्वोच्च न्यायालयाने करदात्याचं ऐकलं. वाटणीत आलेली मालमत्ता आपला कौटुंबिक गुण सोबत घेऊन येते; तात्पुरता एकच पुरुष उरला म्हणून ती वैयक्तिक होत नाही.

दुसरा उत्तर प्रदेशातला, १९८६ चा चंदर सेन खटला. बापलेकांनी १९६१ मध्ये एकत्र व्यवसायाची वाटणी केली आणि मग तोच व्यवसाय भागीदारीत चालवला. १९६५ मध्ये वडील वारले तेव्हा पेढीच्या वहीत त्यांच्या नावावर सुमारे १ लाख ८५ हजार रुपये जमा होते. मुलाने आपल्या कुटुंबाचं संपत्ती कराचं विवरण भरलं, पण त्यात ही रक्कम धरली नाही. ती मला वारसाने आली, ती माझी एकट्याची, असं त्याचं म्हणणं. अधिकारी म्हणाला, बापाकडून आलेलं मुलाच्या हातात कुटुंबाचंच होतं, शतकानुशतकं हेच चालत आलंय.

म्हणजे पहिल्या खटल्यात करदात्याला 'कुटुंब' हवं होतं आणि खात्याला 'व्यक्ती', दुसऱ्यात बरोबर उलट. धर्मशास्त्राचे श्लोक दोन्हीकडून म्हटले गेले, पण दोघांचं लक्ष कराच्या टप्प्याकडे होतं. तरीही त्यातून निघालेलं उत्तर मोलाचं ठरलं. उच्च न्यायालयांची मतं तोवर फुटलेली होती. गुजरात एकीकडे आणि अलाहाबाद, मद्रास वगैरे दुसरीकडे. सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. कारण मघाच्या यादीतलं ते शेवटचं वाक्य. १९५६ च्या कायद्याने वारसांच्या यादीत मुलगा घातला, जिवंत मुलाचा मुलगा घातला नाही. मुलाला मिळालेली मालमत्ता कुटुंबाची मानली, तर संसदेने ज्या नातवाला मुद्दाम बाहेर ठेवलं तो जन्मसिद्ध हक्काच्या मागच्या दाराने आत येईल. शिवाय त्याच बापाकडून त्याच दिवशी मुलीलाही हिस्सा मिळतो. तो तिच्या हातात तिचा स्वतःचा आणि भावाच्या हातात मात्र कुटुंबाचा, असे दोन प्रकारचे वारस कायद्याला अभिप्रेत असू शकत नाहीत.

दोन्ही निकाल मिळून नियम असा: वाटणीतून आलं तर कुटुंबाचं, १९५६ नंतर वारसाने आलं तर ज्याचं त्याचं. वडिलांनी स्वतःची मालमत्ता बक्षीसपत्राने किंवा मृत्युपत्राने मुलाला दिली असेल, तर त्यांचा हेतू काय होता हे त्या दस्तातल्या शब्दांवरून बघायचं. हे १९५३ सालीच ठरलेलं आहे.

चंदर सेनचा आणखी एक परिणाम सावकाश उमगतो. आता प्रत्येक सहदायाद वारला की त्याचा हिस्सा एकत्र मालमत्तेतून सुटतो आणि वारसांची वैयक्तिक मालमत्ता होतो. जुन्या काळी मृत्यूने एकत्र मालमत्ता जागेवर राहायची, आता प्रत्येक मृत्यूगणिक ती आटते. दोन-तीन पिढ्यांनी कुटुंबाच्या नावावर काय उरेल, याचा अंदाज कुणीही करावा. केरळने तर १९७५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाची ही व्यवस्थाच काढून टाकली.

कर गेले, प्रश्न राहिला

हे कर एकेक करून गेले. इस्टेट ड्यूटी मार्च १९८५ मध्ये. तिचा सर्वांत वरचा दर एका काळी ८५ टक्के होता आणि एकत्र कुटुंबासाठी तिच्यात एक विचित्र तरतूद होती: कर वारलेल्या बापाच्या हिश्श्यावर, पण दर ठरवताना मुलांचे हिस्सेही मिळवून मोजायचे. बक्षीस कर १९९८ मध्ये संपला. संपत्ती कर १९९३ पासून सौम्य झाला होता. शेअर, ठेवी असल्या उत्पादक गोष्टी वगळून दागिने, मोटारी, शहरातली मोकळी जमीन, दुसरं घर अशांवर, मर्यादेपेक्षा जास्त रकमेच्या १ टक्का. मर्यादा आधी १५ लाख, मग ३० लाख. २०१३-१४ मध्ये त्यातून देशभरातून १,००८ कोटी रुपये आले. तेवढ्यासाठी लाखो लोकांच्या दागिन्यांचं मूल्यांकन करत बसणं परवडत नाही म्हणून अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला आणि वर्षाला १ कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा विषय प्रचारात गाजला, पण आज भारतात वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर असा कुठलाही कर नाही.

वारशाने मिळताना कर नाही. त्यानंतर येणाऱ्या भाड्यावर, व्याजावर मात्र आहे. आणि इथे तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: हे उत्पन्न कुणाचं? वडील २०१० मध्ये वारले, त्यांनी स्वतः घेतलेल्या गाळ्याचं भाडं येतं, थोरला भाऊ ते 'एचयूएफ'च्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, पॅनवर दाखवतो. घरच्यांना वाटतं कर वाचला. पण गाळा वारसाने आलेला आहे, तेव्हा तो आई, भाऊ, बहिणी यांचा प्रत्येकाचा स्वतंत्र हिस्सा आहे आणि भाडंही ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे दाखवायला हवं. चंदर सेनने १९८६ मध्येच हा रस्ता बंद केलाय.

लग्न झालं की एचयूएफ आपोआप तयार होतं, असं ऐकायला मिळतं. कुटुंब तयार होतं, खरं. पण त्याची तिजोरी रिकामी असते. तिच्यात स्वतःची मालमत्ता टाकली तर ती दिवाणी कायद्याने कुटुंबाची होईल, पण तिचं उत्पन्न प्राप्तिकर खातं टाकणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतं. ही पळवाट १९६९ च्या अखेरपासून बुजवलेली आहे. सदस्य नसलेल्या कुणी एचयूएफला वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त भेट दिली तर ती करपात्र. आणि कमी उत्पन्नावर मिळणारी कराची विशेष सवलत एचयूएफला मिळत नाही, ती फक्त व्यक्तीसाठी आहे.

वारसाने आलेलं घर विकताना भांडवली नफा लागतो. तो मोजताना घर वडिलांना ज्या किमतीला पडलं ती किंमत धरतात आणि त्यांनी ते ज्या दिवशी घेतलं तिथून काळ मोजतात. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो, म्हणून मूल्यांकनकाराचा दाखला घेऊन ठेवावा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-घरावर १२.५ टक्के साधा दर किंवा महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी तेवढा कर व्यक्ती आणि एचयूएफला द्यावा लागतो. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत मालमत्ता हातात येणं ही मात्र विक्री नाही. त्या टप्प्यावर भांडवली नफा लागत नाही.

वाटणीच्या बाबतीत दोन कायदे दोन भाषा बोलतात, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. दिवाणी कायद्यात सहदायादाने "मी वेगळा झालो" असं स्पष्ट कळवलं की तो एकत्रपणातून बाहेर पडला. बांध नंतर घाला. प्राप्तिकर खात्याला एवढं पुरत नाही. जिची प्रत्यक्ष विभागणी होऊ शकते ती मालमत्ता खरोखर तुकडे करून वाटली गेली पाहिजे आणि अधिकाऱ्याने तसा आदेश नोंदवला पाहिजे. तोवर खात्याच्या वहीत कुटुंब एकत्रच. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अर्धवट वाटणी, म्हणजे शेत वाटलं पण वाडा एकत्र ठेवला, किंवा एक भाऊ बाहेर पडला आणि बाकीचे एकत्र राहिले, ती तर खातं मानतच नाही. कोर्टाच्या दृष्टीने दहा वर्षांपूर्वी वेगळे झालेले भाऊ कराच्या दृष्टीने एका चुलीवर जेवत असू शकतात.

सातबाऱ्यावरची तीन अक्षरं

गावाकडच्या जुन्या सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं दिसतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारल्यावर सगळ्या वारसांची नावं न लावता थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव या शेऱ्यासह लावायची पद्धत होती. पुढे फेरफार होताना कधी तो शेरा गळला आणि थोरला एकटाच मालक दिसू लागला. कधी बहिणींची नावं लागलीच नाहीत. यातून उभे राहिलेले दावे मोजायला बसलं तर तालुक्याचं कोर्ट पुरणार नाही. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. नाव नसल्याने बहिणीचा हक्क बुडत नाही आणि असल्याने भावाचा वाढत नाही. पण नाव नसेल तर विक्री तिला न विचारता उरकली जाते आणि मग हक्क कोर्टातून मिळवावा लागतो. त्यामुळे वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि जुने फेरफार जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा, शेरा काढून सगळ्या वारसांची नावं लावून घ्यावीत.

सगळे एकमताने वाटणीला तयार असतील तर शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढे वाटप होतं. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी मात्र बहिणींनी एवढं विचारून घ्यावं, की मी सोडतेय तो हक्क जन्माचा आहे की वारशाचा, आणि किती एकरांचा. 'माहेर तुटेल' या भीतीपोटी झालेल्या सह्यांनी एकत्र मालमत्तेचा जेवढा इतिहास लिहिलाय तेवढा कुठल्याच कायद्याने लिहिला नसेल.

आणि आजोबांचं साल? घरात कुणालाच आठवत नाही, हे नेहमीचंच. "पानशेत फुटलं त्याच्या आधी" किंवा "दुष्काळाच्या वर्षी" एवढंच सांगितलं जातं. वारसाच्या फेरफारात बहुधा मृत्यूची तारीख लिहिलेली असते. तो सापडला नाही तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागावं. कोतवालाने सांगितलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात आहेत, कित्येक गावांच्या मोडीत. मोडी वाचणारा सोबत न्यावा आणि नक्कल प्रमाणित करून घ्यावी. मग वकिलाकडे जावं.